तिसऱ्या मजल्यावरचे खोकड

जिना चढता चढता देवरे सर एकाएकी थांबत. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या; मागून येणाऱ्याला अडवण्यासाठी उजवा हात आडवा; मान किंचित वर आणि डोळे मिटलेले. मग दोन्ही नाकपुड्या फेंदारून ते हवा आत ओढून घेत आणि गाभाऱ्यात बोलावे इतक्या हलक्या आवाजात म्हणत,

"खोकड!"

"कुठे, सर?" मागचा माणूस हातातली भाजीची पिशवी सावरत विचारी.

"येऊन गेलं."

एवढे बोलून ते डोळे उघडत आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे असे निरखून पाहत, की त्याला आपणही काहीतरी हुंगलेच पाहिजे असे वाटू लागे. बहुतेक जण हुंगत. काही जण मान डोलावत. रेल्वेत नोकरीला असलेले आमच्या इमारतीचे सचिव पगारे यांनी एकदा "सर, ती पहिल्या मजल्यावरची सुकटाची चटणी आहे" असे सांगण्याचे धाडस केले होते. तेव्हा सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत दयाळूपणे म्हटले होते, "रेल्वे, तुमचं नाक अजून कच्चं आहे."

सर कोणालाही नावाने हाक मारीत नसत. पगारे 'रेल्वे' होते, तळमजल्यावरचे विमा प्रतिनिधी 'पॉलिसी' होते आणि मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवीत असल्यामुळे 'मराठी' होतो. "काय मराठी, चहा घेणार?" असे ते विचारीत तेव्हा एखाद्या संपूर्ण भाषेला चहाचे आमंत्रण दिल्यासारखे वाटे. मी त्यांच्या समोरच्या दारात एकटा राहत असे. बोलणे मला फारसे जमत नाही. सरांना ऐकणारा माणूस हवा असे. त्यामुळे आमचे उत्तम जुळले.

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गाव बागलाणातले, सटाण्याच्या अलीकडचे. शहरात त्यांची मराठी वर्गात शिकवल्यासारखी स्वच्छ असे. घरात पत्नीशी, म्हणजे आमच्या काकूंशी, मात्र ते अहिराणीत बोलत. त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना बेडूक, झुरळ आणि गांडूळ शिकवले, पण त्यांचे मन गुंतलेले होते ते खोकडात. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा, सडपातळ, झुपकेदार शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असलेला भाऊबंद. त्यातही सगळे खोकड नव्हे, खोकडाचा वास. या विषयावर त्यांनी प्रबंध लिहायला घेतला होता. तो पुरा झाला नाही, कारण मार्गदर्शकांनी म्हणे "या वासात शास्त्र किती?" असे विचारले आणि सरांनी "तुम्ही कधी दगड हुंगलाय का?" असे उलट विचारले.

"मराठी, गोष्टींत कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात," ते सांगत. "ती गोष्ट लिहिणारा नाशिकला आला नव्हता. इथल्या कोणत्याही बागायतदाराला विचारा. आपला कोल्हा आधी गोडी उतरू देतो, मग घड खातो. पण तो कोल्हा! खोकड वेगळं. लोक दोघांना एकाच पोत्यात घालतात."

मग शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला असलेल्या ग्रंथीचे वर्णन येई. विलायतेतल्या तांबड्या कोल्ह्याच्या या ग्रंथीला एका जांभळ्या फुलासारखा वास येतो असे तिकडचे लोक म्हणतात. "आता ते फूल तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय? मग आपल्याला काय डोंबल कळणार!" मात्र एका बाबतीत त्यांना तिळमात्र शंका नव्हती. विलायती कोल्ह्याचा वास इतका उग्र, की तो कुंपणाकडेने निघून गेल्यावरही बऱ्याच वेळाने माणसाला सहज कळतो. आपल्या खोकडाचे तसे नाही. "विलायती कोल्हा म्हणजे लग्नाचा बँड. आपलं खोकड म्हणजे माजघरातली सून. आहे की नाही हे ओसरीवर कळत नाही. दगडाला नाक लावा, तेव्हा कुठे!"

ते दगडाला नाक लावायला खरोखरच सांगत. पांडवलेण्याच्या डोंगरामागे तेव्हा पुष्कळ गवताळ माळ शिल्लक होता. तिथून आणलेला, खोकडांनी पिढ्यान्‌पिढ्या खूण केलेला एक दगड त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवला होता. चहा झाला की डबा येई. "लावा नाक. घाबरू नका, चावत नाही." पाहुणा नाक लावी आणि सर त्याच्याकडे असे टक लावून पाहत, जणू परीक्षेचा निकाल फळ्यावर लागत असावा. पाहुण्याने तोंड वाकडे केले की ते टाळी देत. एका पाहुण्याला काहीच वास आला नाही. सरांनी त्याला पुन्हा चहा दिला नाही. ते स्वतः तो दगड हुंगताना मात्र मला कधी दिसले नाहीत. मालकाने आपल्या दुकानातली मिठाई खाऊ नये, तसे काहीसे असेल असे मी समजत असे.

पूर्वी कधीतरी द्वारका चौकात एका टेम्पोने त्यांच्या स्कूटरला धडक दिली होती. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसून ते बेशुद्ध झाले होते. ती हकीकत सांगताना शेवटी ते नाकाच्या शेंड्याला बोट लावून म्हणत, "डोकं फुटलं, पण ऐवज वाचला!" आम्ही हसत असू.

पुढे काकूंना अर्धांगवायूचा झटका आला.

उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले. मुले नव्हती. पगाऱ्यांच्या पत्नीने मदतीला बाई पाहून दिली, ती सरांनी आठवड्यात परत पाठवली. "तिला आवडत नाही परक्याचा हात," ते म्हणाले. त्यानंतर काकूंचे अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, चादरी धुणे सगळे सर करीत. आतल्या खोलीत कोणाला प्रवेश नव्हता. आम्हाला फक्त ऐकू येई. सर मोठ्याने विचारीत, "दुखस का?" आणि आतून एक अस्पष्ट हुंकार येई. रोज संध्याकाळी गॅलरीत चादरी वाळत घालताना मात्र ते रेल्वेला ओरडून सांगत, "आज दक्षिणेचा वारा आहे. वास माळावरून सरळ आपल्याकडे!"

अंथरुणाला पाठ लागून काकूंच्या कमरेखाली जखम झाली. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले तेव्हा मी योगायोगाने दारातच होतो. पायांत बूट चढवता चढवता ते सरांना म्हणाले, "मलमपट्टी तुम्ही छान करता आहात. पण एक लक्षात ठेवा. अशी जखम वरून बरी दिसते आणि आतून जाते. वास यायला लागला, की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. लगेच दवाखान्यात आणायचं. वास हीच खूण."

सर ताठ उभे राहिले. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले. मग ते म्हणाले, "डॉक्टर, वासाची गोष्ट या नाकावर सोडा."

डॉक्टर हसले. मीही हसलो. काकू योग्य हातात आहेत असे आम्हा दोघांनाही वाटले.

भाद्रपद संपता संपता जिन्यात वास येऊ लागला.

प्रथम तो कोणी बोलून दाखवला नाही. मग पॉलिसींनी मेलेला उंदीर शोधण्यासाठी पाणी-मीटरची पेटी उघडून पाहिली. पगाऱ्यांनी गच्चीवरची टाकी धुवून घेतली आणि गटाराच्या झाकणाविषयी महापालिकेला फोन केला. वास वाढत गेला. तळमजल्यावर तो नव्हता, दुसऱ्यावर पुसट होता, तिसऱ्यावर स्पष्ट होता. आणि तो कोणत्या दारापाशी सर्वांत जास्त आहे हे आम्हा सर्वांना कळून चुकले होते.

अशा एका संध्याकाळी पगारे नाकाला रुमाल लावून वर येत होते. समोरून सर आले. त्यांनी पगाऱ्यांच्या रुमालाकडे पाहिले. मग हात आडवा केला, मान वर केली, डोळे मिटले.

"खोकड!"

पगाऱ्यांनी रुमाल खिशात घातला. "असेल सर," ते म्हणाले. "असेलच. लय उग्र आहे या वेळी."

"उग्र ना? उग्र आहे ना?"

"मग काय तर!"

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत खोकड राहायला आले. "आज खोकड जास्तच आहे," पॉलिसी म्हणत. "उदबत्ती लावा हो, खोकड आलंय," कोणाची तरी पत्नी म्हणे. मुलांना तोंडावर बोट ठेवून हेच शिकवले गेले. त्यात चेष्टा नव्हती. ज्या घरात बाई अंथरुणाला खिळली आहे, त्या घराला वास येतो असे त्या घरच्या माणसाला सांगायचे नसते, ही आमची रीत. शिवाय, ज्याचे नाक एवढे मोठे, त्याला आपण काय सांगणार? सरांना सगळे कळले आहे, उपचार चालू आहेत, आणि लाज झाकण्यासाठी बिचाऱ्यांनी खोकडाला पुढे केले आहे, असा आमचा समज. त्यांनी पडदा धरला होता. दुसरे टोक आम्ही धरले.

"कुणाच्या दारात उभं राहून असं बोलतात का?" पगारे मला म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा आमच्या वस्तीत कुणी शब्द काढला नाही. उलट दारात बसून भाकरी खाल्ल्या लोकांनी. माणसानं माणसाचं एवढं तरी झाकावं."

मला त्यांचे म्हणणे पटले होते. पटले नसते, तरी मला बोलता आले नसते.

त्यानंतर एका सकाळी सरांनी मला चहाला बोलावले. पुढच्या खोलीत वास इतका होता, की कप तोंडाजवळ नेणे कठीण झाले. आतल्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. सर माझ्याकडे पाहत होते. मी श्वास तोंडाने घेऊ लागलो, तेही त्यांनी पाहिले. मग आतल्या दाराकडे वळून ते मोठ्याने म्हणाले,

"वास येस का वं?"

आतून काकूंचा जड आवाज आला. "हा. खोकडच शे."

"ऐकलंत?" सर मला म्हणाले. "तीसुद्धा ओळखायला शिकली." त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि त्या अभिमानाखाली काहीतरी थरथरत होते. "मराठी, तुम्हालाही तोच वाटतो ना? खोकडाचाच?"

मला सरळ विधान करता येत नाही. वर्गातही मी विधानाऐवजी प्रश्न विचारतो. कपाकडे पाहत मी विचारले, "सर, आपल्या खोकडाचा वास सौम्य असतो, असं तुम्ही म्हणता ना?"

"अतिशय सौम्य! विलायती कोल्ह्याच्या मानाने काहीच नाही."

"दगडाला नाक लावावं लागतं."

"लावावंच लागतं. त्याशिवाय..."

"मग तो तिसऱ्या मजल्यावर कसा येईल, सर? बंद दारातून?"

सर उत्तर द्यायला सरसावले. त्यांचे तोंड उघडले, हात वर गेला. आयुष्यभर शिकवलेला माणूस प्रश्न आला की प्रथम हात वर करतो. तो हात तसाच राहिला. ते माझ्याकडे पाहत होते, पण या वेळी माझा चेहरा वाचत नव्हते. आपल्याच विषयाचे आपलेच वाक्य ते आतल्या आत पुन्हा तपासून पाहत असावेत. त्यात चूक नव्हती. ते वाक्य खरे होते.

"मराठी," ते फार हळू म्हणाले, "मला तो येत नाही. मला काहीच येत नाही. द्वारकेपासून."

मला समजायला वेळ लागला.

"टेम्पोने... तेव्हापासून. फुलं नाही, रॉकेल नाही, काही नाही. मी लोकांची तोंडं बघतो." त्यांनी माझे मनगट पकडले. "कसा वास आहे? नीट सांगा. गोड करून सांगू नका, संकोच करू नका, आहे तसा सांगा."

भाषेचा मी शिक्षक, पण त्या क्षणी मला सापडलेले शब्द अगदी ओबडधोबड होते. "सर, मांस कुजल्यासारखा आहे. गोडसर आणि कुजका. तो काकूंच्या खोलीतून येतो. पुष्कळ दिवस येतो आहे."

ते उठून आत गेले. पट्टी सोडल्याचा आवाज आला. मी पगाऱ्यांचे दार वाजवले. त्यांनी नव्यानेच मोबाइल घेतला होता, त्यावरून रुग्णवाहिका बोलावली. पगाऱ्यांनी, पॉलिसींनी आणि मी मिळून काकूंना चादरीसकट खाली आणले. त्या वेळी जिन्यातली सगळी दारे उघडी होती आणि एकाही माणसाने नाकाला पदर किंवा रुमाल लावला नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी जखम साफ केली आणि बाहेर येऊन सांगितले, की विष रक्तात उतरले आहे. थोडे आधी आणायला हवे होते. ते रागावून बोलले नाहीत. सरांनी मान हलवली, जणू विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिले होते.

दुपारी काकूंना शुद्ध आली. मी खाटेच्या पायथ्याशी औषधांची पिशवी धरून उभा होतो. बाहेर जावे की थांबावे हे मला कळत नव्हते. सर त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

"तू खोकड म्हनस... का म्हनस व्हतीस वं?"

काकूंचे अर्धे तोंड हसले. अर्धेच हसू शकत होते. त्या एकेक शब्द ओढून बोलल्या. "माले काय ठाऊक, खोकडना वास कसा ऱ्हास? तुम्ही म्हनेत, मी म्हनू." मग दम घेऊन त्या म्हणाल्या, "तुमनं नाक गयं, माले ठाऊक शे. कुकर जळना, तवयच समजनं."

खोकडाचा वास कसा असतो हे त्यांना कधीच ठाऊक नव्हते. सर म्हणत, म्हणून त्या म्हणत. सरांचे नाक गेले आहे, हे मात्र कुकर जळाला तेव्हापासून त्यांना ठाऊक होते. स्वयंपाकघरात कुकर करपून काळा झाला, सर शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि काकूंनी येऊन मुकाट्याने गॅस बंद केला होता. त्या कधी बोलल्या नाहीत. पुढे भाजी करपू लागली की त्या आपला हात आधी घालत. पुढे तो हातही राहिला नाही. आणि शेवटी आपल्याच अंगाचा वास नाकात असताना, नवऱ्याचे नाक शाबूत आहे हे दाखवण्यासाठी, त्या रोज आत पडल्या पडल्या खोकडाचे नाव घेत राहिल्या.

"माले सांगनं नही?" सरांचा आवाज फुटला.

"तुमनाकडे," काकू म्हणाल्या, "दुसरं काय व्हतं?"

त्या पुढच्या आठवड्यात गेल्या. रामकुंडावर सगळे विधी पगाऱ्यांनी आणि मी सरांच्या बरोबर राहून उरकून घेतले. गुरुजींनी समोर धूप घातला तेव्हा धुराने आमचे डोळे पाणावले. सर मात्र त्या धुरात चेहरा धरून कितीतरी वेळ बसून राहिले. गुरुजींना ते भक्तीचे वाटले असावे.

जिन्यातले थांबणे त्यानंतर बंद झाले. माळावर प्लॉट पडले, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. खोकडे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. सरांनी त्याविषयी विचारलेही नाही. ते घरातून फारसे बाहेर पडत नसत. पगाऱ्यांची पत्नी डबा पाठवी, तो अर्धा परत येई.

मग एका सकाळी माझ्या दाराची कडी वाजली. सर उभे होते. दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले, अंगात पांढरा सदरा. पेन्शनच्या कामासाठी त्यांना बँकेत जायचे होते. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहून त्यांनी दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर धरले, शिंप्यासमोर उभे राहावे तसे.

"मराठी," ते म्हणाले, "ती असताना बाहेर पडण्याआधी मला एकदा बघून घ्यायची. मी समजायचो, बटणं बघते." ते थांबले. "आता मला कळत नाही. लोक काही बोलणार नाहीत. लोक चांगले आहेत."

मी आयुष्यात कोणाच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. मी पुढे झालो, मान वाकवली आणि त्यांच्या खांद्यापाशी, मग कॉलरपाशी, मग बगलेच्या कडेला नाक नेले. ते डोळे मिटून अगदी स्थिर उभे होते. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. सदरा स्वच्छ दिसत होता. पण तो ओलाच घडी करून ठेवलेला असावा. त्याला कुबट वास येत होता, आणि त्याखाली बऱ्याच दिवसांच्या न झालेल्या आंघोळीचा.

"सर," मी म्हणालो, "हा नको. आंघोळ करा आणि दुसरा घाला. मी थांबतो."

त्यांनी डोळे उघडले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला.

"बरं," ते म्हणाले, आणि सांगितलेले ऐकणाऱ्या मुलासारखे वळून आपल्या दारात शिरले. थोड्या वेळाने आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. मी दार उघडेच ठेवून उभा राहिलो.